हलकी चौकट आणि तिच्याखालचा पाया

(संस्थेच्या वार्षिक संमेलनात पालक व विद्यार्थी यांच्यापुढे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



मी भाषेचा शिक्षक आहे. बी.ए., बी.एड. झालेल्या माणसाने संगणकाच्या आज्ञावलीवर बोलावे याचे आपणांपैकी काहींना नवल वाटणे साहजिक आहे. तथापि दरवर्षी बारावीचे आणि पदवीचे निकाल लागले की निरनिराळ्या संगणक वर्गांची पत्रके हातात घेऊन पालक माझ्याकडे येतात आणि एकच प्रश्न विचारतात, "सर, मुलगा जावा शिकतो म्हणतो, स्प्रिंग शिकतो म्हणतो. सहा महिन्यांत नोकरी लागते असे या कागदावर लिहिले आहे. पैसे भरावेत काय?" प्रश्न भाषेचा नसला तरी टाळण्यासारखा नाही. त्या पैशांमागे कोणाचे सोयाबीन असते, कोणाची ऑटो असते, तर कोणाच्या आईच्या बांगड्या असतात. म्हणून गेली काही वर्षे आमच्या माजी विद्यार्थ्यांबरोबर संगणकासमोर बसून मी हा विषय समजून घेत आलो आहे. जे समजले ते आज सोप्या शब्दांत आपणांपुढे मांडतो.

प्रथम ही मुले नेमके काय तयार करायला शिकतात ते पाहू. त्यांच्या पत्रकात 'एंटरप्राइझ ॲप्लिकेशन' असा शब्द असतो. आपण आपल्या बाजार समितीचे उदाहरण घेऊ. एक शेतकरी सोयाबीन घेऊन येतो. त्याच्या मालाची हर्राशी होते, मापारी वजन करतो, अडत्या पट्टी तयार करतो, हमाली व तोलाई वजा होते, व्यापारी पैसे देतो आणि समितीची फी समितीकडे जाते. एका पोत्याच्या हिशेबाला पाच-सहा हात लागतात. सर्वांची नोंद जुळली पाहिजे, एकाच वेळी शंभर गाड्या आल्या तरी ती चुकता कामा नये, आणि ज्याला जेवढे पाहण्याचा अधिकार आहे त्याला तेवढेच दिसले पाहिजे. असे काम संगणकावर करणारी जी मोठी व्यवस्था, तिला एंटरप्राइझ ॲप्लिकेशन म्हणतात. बँकेचे व्यवहार, विमा, रेल्वेचे आरक्षण, शिष्यवृत्ती, दवाखान्याच्या नोंदी, सर्व याच जातीचे.

याचे आपल्या राज्यातील एक उदाहरण आपणां सर्वांच्या खिशात आहे. देशातील पहिले आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या आदिवासी गावात दिले गेले. त्या व्यवस्थेच्या रचनेचे जे दस्तऐवज पुढे २०१४ मध्ये आधार प्राधिकरणाने प्रसिद्ध केले, त्यांत जावा भाषा व स्प्रिंग या चौकटीचा उल्लेख आहे. म्हणजे आपली मुले ज्याचे नाव घेतात ती वस्तू पुण्या-मुंबईच्या कचेऱ्यांपुरतीच आहे असे नाही. टेंभलीच्या झोपडीपर्यंत तिचा हात पोहोचलेला आहे. ती शिकण्यासारखी आहे यात शंका नाही. प्रश्न आहे तो कशी शिकावी याचा.

आता थोडा इतिहास. जावा ही भाषा अमेरिकेतील सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीत जेम्स गोस्लिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी तयार केली. काम १९९१ मध्ये सुरू झाले आणि १९९५ मध्ये भाषा जगापुढे आली. एकदा लिहावे आणि कोणत्याही संगणकावर चालवावे, हे तिचे वैशिष्ट्य. पुढे बँका व मोठ्या कंपन्या तिच्यात आपली कामे करू लागल्या. १९९९ च्या अखेरीस सन कंपनीने मोठ्या कामांसाठी 'जे-टू-ई-ई' नावाचा नियमांचा संच काढला. त्यातील 'एंटरप्राइझ जावा बीन्स' हा भाग फार अवजड ठरला. एक साधे काम करावयाचे तर त्यासाठी दोन वेगळे इंटरफेस, एक मुख्य वर्ग आणि वर लांबलचक एक्सएमएल कागद लिहावा लागे. शिवाय लिहिलेले बरोबर आहे की नाही हे तपासण्यासाठी भला मोठा सर्व्हर सुरू करून वाट पाहावी लागे. घरी चार पाहुणे आले आणि त्यांच्या चहासाठी हजार माणसांच्या दावतीची देग चुलीवर चढवावी, तसा हा प्रकार होता.

या अवजडपणावर ज्याने नेमके बोट ठेवले तो रॉड जॉन्सन नावाचा ऑस्ट्रेलियन मनुष्य. विद्यार्थ्यांनी हे लक्षात ठेवावे की या गृहस्थाची पीएच.डी. संगीतशास्त्रातील आहे. त्याने संगणकशास्त्राचाही अभ्यास केला होता, पण कला शाखेचा माणूस या क्षेत्रात पोहोचू शकत नाही असे जे म्हणतात त्यांना हे उत्तर पुरेसे आहे. त्याने २००२ मध्ये एक जाड ग्रंथ लिहिला, आणि मोठी कामे साध्या जावा वर्गांनी कशी करता येतात हे सुमारे तीस हजार ओळींच्या चालत्या आज्ञावलीसह दाखवून दिले. वाचकांपैकी युर्गन हॉलर व यान कॅरॉफ यांनी ती आज्ञावली सर्वांसाठी खुली करण्याचा आग्रह धरला. कॅरॉफ यांनी नाव सुचविले 'स्प्रिंग', म्हणजे वसंत. जुन्या पद्धतीच्या हिवाळ्यानंतर आलेला वसंत. मार्च २००४ मध्ये तिची पहिली पूर्ण आवृत्ती निघाली. तिला 'हलकी चौकट' म्हणतात ती जुन्या पद्धतीच्या तुलनेत.

चौकट म्हणजे काय? दारे-खिडक्या बसविण्यासाठी सुतार जी आधी उभी करतो ती. आपण भिंत आपल्या मापाची बांधतो, पण चौकट तयार मिळते. संगणकाच्या कामात प्रत्येक ठिकाणी तीच तीच कामे असतात. मागणी स्वीकारणे, अधिकार तपासणे, नोंदवहीशी जोडणी करणे, व्यवहार पूर्ण करणे. ती कामे चौकट सांभाळते आणि विद्यार्थ्याने आपल्या कामाचा मूळ भाग लिहावयाचा असतो.

स्प्रिंगच्या मुळाशी एक कल्पना आहे. तिचे नाव 'डिपेंडन्सी इंजेक्शन' असे भारदस्त आहे, पण ती आपल्या लग्नघरात रोज दिसते. दावतीसाठी बावर्ची बोलावला. तांदूळ कोणत्या दुकानाचा, मांस कोठून, लाकूड कोणाच्या वखारीतून, हे त्याने ठरवावयाचे नसते. घरधनी सर्व सामान त्याच्यापुढे आणून ठेवतो आणि बावर्ची फक्त पकवतो. उद्या दुकान बदलले तरी बावर्चीच्या हाताला काही फरक पडत नाही. आणि नवा बावर्ची पारखावयाचा असेल तर त्याला अर्धा किलो तांदूळ व लहान पातेले देऊन पाहता येते, पूर्ण देग चढवावी लागत नाही. स्प्रिंगमध्ये तो घरधनी म्हणजे 'कंटेनर'. प्रत्येक वर्गाला लागणारे सामान तो बाहेरून पुरवतो. म्हणून प्रत्येक वर्ग स्वतंत्रपणे तपासता येतो आणि एक भाग बदलला तरी सबंध इमारत पाडावी लागत नाही. एवढी एक गोष्ट विद्यार्थ्याला मनापासून पटली तर स्प्रिंगचा अर्धा अभ्यास झाला असे समजावे.

पुढे एप्रिल २०१४ मध्ये 'स्प्रिंग बूट'ची पहिली पूर्ण आवृत्ती आली. तिने चौकट उभी करण्याचे कष्टही वाचविले. आज विद्यार्थी पाच-दहा ओळी लिहितो आणि चालते ॲप्लिकेशन समोर उभे राहते. मित्रहो, धोका नेमका येथेच आहे. वर्गातील शिक्षक पडद्यावर दाखवितो, मुलगा ते पाहून उतरवितो, काम चालते, पत्रकावर शिक्का बसतो. पालक समजतात, मुलगा शिकला. मुलगाही तसेच समजतो. पण जुनी पद्धत अवजड होती हे ज्याने अनुभवलेले नाही, निदान समजून घेतलेले नाही, त्याच्या दृष्टीने ही चौकट एक जादू असते, आणि जादू बिघडली की ती दुरुस्त करता येत नाही.

एक उदाहरण देतो. ते नीट ऐकावे, कारण त्यात पैशाचा प्रश्न आहे. समजा एक वडील आपल्या खात्यातून शाळेच्या खात्यात ५०० रुपये फी भरतात. यात दोन नोंदी होतात. वडिलांच्या खात्यातून ५०० वजा, शाळेच्या खात्यात ५०० जमा. पहिली नोंद झाली आणि दुसरी होण्याआधी काही बिघडले, तर पहिलीही रद्द झाली पाहिजे. दोन्ही व्हाव्यात किंवा एकही होऊ नये, याला 'ट्रान्झॅक्शन' म्हणतात. स्प्रिंगमध्ये यासाठी पद्धतीच्या डोक्यावर 'ट्रान्झॅक्शनल' ही एक खूण लिहिली की पुरे, असे मुलांना शिकविले जाते. परंतु स्प्रिंगचा मूळ नियम काय आहे? जावामध्ये चुका दोन प्रकारच्या मानल्या आहेत. 'रनटाइम' प्रकारची चूक बाहेर आली तर स्प्रिंग व्यवहार मागे घेते. 'चेक्ड' प्रकारची चूक बाहेर आली तर, आपण वेगळी सूचना लिहिलेली नसल्यास, तोवर झालेली नोंद ती कायम करते. म्हणजे शाळेचे खाते सापडले नाही म्हणून विद्यार्थ्याने स्वतः तयार केलेली 'चेक्ड' चूक फेकली, तर वडिलांचे ५०० रुपये वजा झालेले राहतील आणि शाळेला एक पैसाही मिळणार नाही. खूण मात्र डोक्यावर दिमाखाने असेल.

आणखी एक. ही खूण काम करते कशी? स्प्रिंग त्या वर्गाच्या दारात एक पहारेकरी उभा करते. बाहेरून येणारी प्रत्येक हाक पहारेकऱ्यामार्फत आत जाते आणि तो व्यवहार सुरू करतो. पण त्याच वर्गातील एका पद्धतीने दुसरीला आतल्या आत हाक मारली, तर पहारेकऱ्याला ते दिसत नाही. घरातल्या घरात या खोलीतून त्या खोलीत जाणाऱ्याला दारावरचा माणूस कसा अडविणार? तेथे ती खूण निरुपयोगी ठरते आणि संगणक काही तक्रारही करीत नाही.

आता सांगा, ही हलकी चौकट खरोखर हलकी आहे काय? ज्याला जावातील चुकांचे प्रकार, वर्ग, इंटरफेस व व्यवहार म्हणजे काय हे ठाऊक आहे त्याच्यासाठी ती हलकी आहे. ज्याला ठाऊक नाही त्याने ते ओझे उचललेलेच नसते. ते पुढे कोणाच्या तरी खात्यावर पडते. मला आज जे सांगावयाचे आहे ते एवढेच आहे. चौकटीने हाताचे श्रम वाचतात, समजून घेण्याचे श्रम वाचत नाहीत.

'अल्गोरिदम' हा शब्द नवव्या शतकात बगदादमध्ये काम करणाऱ्या अल-ख्वारिज्मी या गणितज्ञाच्या नावावरून आला, हे आपण संमेलनांतून अभिमानाने सांगतो. सांगावे, ते खरेच आहे. परंतु नाव सांगितल्याने गणित येत नाही, ते रोज दोन तास बसल्याने येते. म्हणून आता या बसण्याची एक योजना आपणांपुढे ठेवतो. पदवीच्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या, रोज दोन तास देऊ शकणाऱ्या विद्यार्थ्यासाठी ती एका वर्षाची आहे.

पहिले तीन महिने केवळ साधी जावा. चौकटीचे नावही घेऊ नये. वर्ग, वस्तू, इंटरफेस, यादी व नकाशा यांसारखे संग्रह, चुकांची हाताळणी, फाइल वाचणे-लिहिणे. चौथा महिना नोंदवहीचा, म्हणजे डेटाबेसचा. मायएसक्यूएल किंवा पोस्टग्रेस यांपैकी एक घ्यावा, दोन्ही विनामूल्य आहेत. तक्ते स्वतः आखावेत, एसक्यूएल हाताने लिहावे. पाचवा महिना सर्वांत महत्त्वाचा आणि नेमका तोच वर्गांतून गाळला जातो. या महिन्यात चौकटीशिवाय एक लहान ॲप्लिकेशन लिहावे. डेटाबेसशी जेडीबीसीने स्वतः जोडावे, व्यवहार स्वतः सुरू करावा, स्वतः पूर्ण करावा, चूक झाली तर स्वतः मागे घ्यावा. ब्राउझर कोणती मागणी पाठवितो आणि उत्तर कसे जाते ते सर्व्हलेट लिहून पाहावे. हात दुखतील, कंटाळा येईल. तो कंटाळा आवश्यक आहे. रॉड जॉन्सनला जे खटकले ते आपल्यालाही थोडे खटकले पाहिजे, तरच त्याने काढलेल्या उत्तराची किंमत कळते.

सहाव्या ते आठव्या महिन्यात स्प्रिंग. आधी कंटेनर व डिपेंडन्सी इंजेक्शन, नंतर स्प्रिंग बूट, नंतर वेबची मागणी-उत्तरे, नंतर डेटाबेस, आणि मग व्यवहार. मी सांगितलेली ५०० रुपयांची दोन्ही उदाहरणे स्वतः लिहून, पैसे हरवताना डोळ्यांनी पाहावीत. नववा महिना तपासणीचा. जेयुनिट या साधनाने आपल्या प्रत्येक वर्गाची परीक्षा घेणारी आज्ञावली लिहावी, आणि गिटवर रोजच्या कामाची नोंद ठेवावी. शेवटचे तीन महिने एक खरे काम करावे. त्याविषयी पुढे बोलतो.

येथे एक व्यवहारातील सूचना. नोव्हेंबर २०२२ मध्ये स्प्रिंग बूटची तिसरी आवृत्ती आली. तिला किमान जावा १७ लागते. जावाचा तो मोठा नियमसंच एव्हाना एक्लिप्स फाउंडेशनकडे गेलेला असून त्याचे नाव 'जकार्ता' झाले आहे, त्यामुळे आज्ञावलीत जेथे पूर्वी 'जावाएक्स' लिहिले जाई तेथे अनेक ठिकाणी आता 'जकार्ता' लिहावे लागते. जुने पुस्तक किंवा जुना व्हिडिओ पाहून नव्या आवृत्तीवर काम केले की येथेच अडते आणि मुले हताश होतात. म्हणून पुस्तक उघडताना प्रथम त्याचे वर्ष पाहावे.

मुलांची दुसरी भीती इंग्रजीची. "आम्ही उर्दू माध्यमाचे, आम्ही मराठी माध्यमाचे, आम्हाला हे कसे जमणार?" भाषेचा शिक्षक या नात्याने या प्रश्नाचे उत्तर देणे माझे कामच आहे. जावा भाषेचे स्वतःचे राखीव शब्द सुमारे पन्नास आहेत. पाठ्यपुस्तकातील एका धड्याचे कठीण शब्दसुद्धा कधी कधी त्याहून अधिक असतात. जावामध्ये वर्गाला किंवा चलाला देवनागरीत अथवा उर्दूत नाव दिले तरी ती भाषा ते स्वीकारते. सरावासाठी कोणी तसे करून पाहावे, कचेरीत मात्र सर्वजण इंग्रजी नावेच देतात. खरे इंग्रजी लागते ते वाचण्यासाठी. आणि सर्वांत आधी वाचावयाचा असतो तो चुकीचा संदेश.

ॲप्लिकेशन कोसळले की पडद्यावर पन्नास-साठ लाल ओळी येतात. बहुतेक मुले त्या न वाचता खिडकी बंद करतात. वस्तुतः त्या ओळींत संगणकाने स्वतःची कैफियत लिहिलेली असते. त्यात 'कॉज्ड बाय' या शब्दांनी सुरू होणारी शेवटची ओळ शोधावी, मूळ कारण बहुधा तेथे असते. मग आपल्या स्वतःच्या वर्गाचे नाव जेथे प्रथम दिसते ती ओळ शोधावी, आपल्या घराचा पत्ता तेथे असतो. या दोन ओळी वहीत उतरवून शब्दकोशाच्या मदतीने त्यांचा अर्थ मराठीत किंवा उर्दूत लिहावा. असे शंभर संदेश ज्याने वाचले त्याचे इंग्रजीही सुधारते आणि जावाही.

ऐकून समजणाऱ्यांसाठी मुंबई आयआयटीच्या 'स्पोकन ट्युटोरियल' या उपक्रमात जावाचे प्राथमिक पाठ मराठीसह अनेक भारतीय भाषांत विनामूल्य आहेत. एमएस-सीआयटी २००१ पासून आपल्या खेड्यापाड्यांत पोहोचली, तिने संगणकाची भीती घालविली, हे तिचे ऋण मान्य करावे. मात्र तिचे प्रमाणपत्र म्हणजे आज्ञावली लिहिण्याची पात्रता नव्हे. दोन्हींची गल्लत पालकांनी करू नये.

आता खर्चाचा हिशेब. जावा, म्हणजे ओपनजेडीके, विनामूल्य. स्प्रिंग विनामूल्य. लिहिण्याचे साधन, डेटाबेस, गिट, सर्व विनामूल्य. पैसे लागतात ते संगणकाला. या कामासाठी मोबाइल पुरत नाही. जुना वापरलेला का होईना, पण ८ जीबी मेमरीचा संगणक हवा, १६ असेल तर उत्तम. इंटरनेट नेहमी नसते आणि वीजही नेहमी नसते, हे मला ठाऊक आहे. त्यावर एक उपाय सांगतो. स्प्रिंगला लागणारे सर्व भाग 'मेव्हन' नावाचे साधन पहिल्या वेळी इंटरनेटवरून उतरवून घेते आणि संगणकातच एका फोल्डरमध्ये साठवून ठेवते. त्यानंतर इंटरनेट नसतानाही काम चालते. तो फोल्डर एकाच्या संगणकातून दुसऱ्याच्या संगणकात पेनड्राइव्हने नेता येतो. शाळेच्या संगणक कक्षात एकाने एकदा उतरवावे आणि दहा जणांनी घरी वापरावे, असे सहज करता येईल.

मात्र आयते आलेले हे भाग कोणते आहेत, याचीही माहिती असावी. डिसेंबर २०२१ मध्ये 'लॉग-फोर-जे' नावाच्या एका जावा भागात गंभीर दोष सापडला. तो भाग केवळ नोंदी लिहिण्याचे साधे काम करणारा, पण जगभर इतक्या ठिकाणी वापरलेला होता की मोठमोठ्या कंपन्यांना आपल्या कोणत्या ॲप्लिकेशनमध्ये तो आहे हे शोधत बसावे लागले. दावतीचे सामान घरधन्याने आणले तरी पोत्यात काय आहे ते उघडून पाहणारा कोणीतरी असलाच पाहिजे.

मग वर्गाला पैसे भरावेत काय? पालकांनो, हा आपला मूळ प्रश्न मी विसरलेलो नाही. ज्या पत्रकावर नोकरीची हमी मोठ्या अक्षरांत आणि अभ्यासक्रम लहान अक्षरांत आहे त्यापासून सावध राहावे. नोकरीची हमी कोणीही देऊ शकत नाही, मीही देत नाही. पैसे भरण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत. साध्या जावासाठी किती दिवस दिले आहेत? डेटाबेस व एसक्यूएल स्वतंत्रपणे शिकवितात काय? शेवटी मुलगा स्वतः काय तयार करणार, की सर्वांनी एकच नमुना उतरवावयाचा? उत्तरे समाधानकारक नसतील तर बांगड्या पेटीतच राहू द्याव्यात.

सार्वजनिक संस्थांपैकी पुण्याच्या सी-डॅकचा पीजी-डॅक हा सहा महिन्यांचा पूर्ण वेळ पदविका अभ्यासक्रम विद्यार्थ्यांना माहीत असावा. त्यात जावा, डेटाबेस व स्प्रिंगही येते. त्यासाठी सी-कॅट ही प्रवेश परीक्षा असते आणि अभियांत्रिकी किंवा संगणक विषयातील ठरावीक पदवी लागते. फी कमी नाही. पण जो मुलगा वर सांगितलेले पाच महिने घरी बसून करून जाईल त्याला तेथील वेग झेपेल. कोरा गेलेला धापा टाकील.

येथे मुलींच्या पालकांना दोन शब्द. "मुलगी हुशार आहे, पण पुण्याला कशी पाठवावी?" असे अनेक घरांतून ऐकू येते. पाठवावी की नाही हा ज्या-त्या घराचा विचार आहे. माझे मत विचाराल तर जरूर पाठवावी. परंतु पुण्याचे ठरेपर्यंत तिचा अभ्यास थांबण्याचे काही कारण नाही. या विद्येचे पहिले वर्ष वाशीम, कारंजा, रिसोड, मंगरूळपीर कोठेही घरी बसून करता येते. गरज आहे ती एका संगणकाची, आणि रोज दोन तास तिला कोणी स्वयंपाकघरातून हाक मारणार नाही याची. यातील दुसरी गोष्ट बाजारात विकत मिळत नाही. ती घरच्यांनीच द्यावयाची आहे.

कोणी म्हणेल, आता तर कृत्रिम बुद्धीची यंत्रेच आज्ञावली लिहून देतात, मग शिकावे कशाला? लिहून देतात हे खरे, आणि नवख्यांच्या नोकऱ्यांवर त्याचा ताण जाणवतो हेही खरे. पण ते यंत्र ती 'ट्रान्झॅक्शनल' खूण आनंदाने लिहून देईल, आणि त्या खुणेखाली वडिलांचे ५०० रुपये सुरक्षित आहेत की नाहीत हे पाहण्याची जबाबदारी त्याखाली सही करणाऱ्या माणसाचीच राहील. लिहिणे स्वस्त झाले की तपासणाऱ्याची किंमत वाढते. ज्याला वाचता येते तोच तपासू शकतो.

वाचण्यासाठी सामग्रीही भरपूर खुली आहे. दवाखान्यांच्या नोंदींसाठी २००४ पासून उभी राहिलेली, केनियातील रुग्णांच्या गरजेतून आकार घेतलेली 'ओपनएमआरएस' ही व्यवस्था जावा व स्प्रिंगमध्ये आहे. आपल्या देशात नगरपालिकांच्या कामांसाठी ई-गव्हर्नमेंट्स फाउंडेशनने केलेली 'डिजिट' ही व्यवस्था स्प्रिंग बूटवर आहे. दोन्हींची आज्ञावली कोणालाही उघडून वाचता येते. चांगला लेखक होण्यासाठी चांगले गद्य वाचावे, असे मी वर्गात सांगतो. येथेही तेच आहे.

शेवटी त्या तीन महिन्यांच्या खऱ्या कामाविषयी, आणि संस्थेच्या पदाधिकाऱ्यांना एक विनंती. आपल्या ग्रंथालयाची देवघेव आजही रजिस्टरवर चालते. पुस्तक कोणाकडे आहे, ते कधी परत येणार, दोघांनी एकच पुस्तक मागितले तर काय करावे, विद्यार्थ्याला काय दिसावे आणि ग्रंथपालाला काय, हे सर्व प्रश्न लहान प्रमाणात तेच आहेत जे बँकेत असतात. हे काम चार-पाच मुलामुलींच्या गटाला द्यावे. एक वर्ष रजिस्टर आणि संगणक दोन्ही सोबत चालवावेत. दर शनिवारी दोन्हींचा मेळ घालावा आणि तफावत निघाली तर ती का निघाली हे त्या गटाने सर्वांसमोर सांगावे. विद्यार्थ्यांची खरी नावे, पत्ते व फोन क्रमांक सरावासाठी वापरू नयेत, त्यासाठी बनावट नावे घ्यावीत. ज्या मुलाने खऱ्या ग्रंथपालाची खरी तक्रार ऐकून आपली आज्ञावली दुरुस्त केली आहे, त्याला मुलाखतीत काय बोलावे हे शिकवावे लागत नाही.

पालकांनो, दहा घरांनी मिळून एक चांगला संगणक आणि एक बसण्याची जागा एवढी व्यवस्था आपण करू शकतो. विद्यार्थ्यांनो, स्प्रिंग शिकाच, पण तिच्याखालची जावा पक्की करून शिका, म्हणजे चौकट बदलली तरी तुम्ही बेघर होणार नाही. चौकटी बदलतात. एंटरप्राइझ जावा बीन्सचा तो अवजड प्रकार एकेकाळी सर्वत्र होता आणि मागे पडला. उद्या स्प्रिंगचेही तसे होऊ शकेल. त्या वेळी ज्याचा पाया पक्का आहे तो नवी चौकट दोन-तीन महिन्यांत बसवून घेईल.

ग्रंथालयाच्या कामासाठी ज्यांना नावे द्यावयाची आहेत त्यांनी कार्यक्रमानंतर मला भेटावे. मुलींची नावे प्रथम घेतली जातील.